ढगाळ दिवसाचं वाळवण

काल गव्हाचं पाणी बदललं आणि तो आंबूस वास वहिनीच्या स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत आला. भिजल्या गव्हाचा वास कुणाला आवडतो, कुणाला नाही. मला तो आला की पाठीचा कणा ताठ होतो. दर एप्रिलला होतो. पातेल्यातलं पाणी ओतून टाकते, नवं घालते, झाकण ठेवते, आणि मगच श्वास सोडते.

वाळवणासाठी मी दरवर्षी माहेरी येते. बारामतीहून एसटीनं भिगवण, तिथून मिळेल त्या गाडीनं गाव. पर्समध्ये यादी असते. कुरडया आधी, कारण त्यांना सगळ्यात कडक ऊन लागतं. मग साबुदाण्याच्या पापड्या, मग सांडगे. मिरच्या शेवटी, म्हणजे त्यांचा ठसका दुसऱ्या कशाला लागत नाही. जळोचीला, म्हणजे आमच्या बारामतीच्या घरी, माझी मुलगी हसते. म्हणते, आई, हे सगळं दुकानात मिळतं. मिळतं, मला माहीत आहे. एका रुग्णालयाचं भांडार सांभाळते मी, कुठली वस्तू कुठं चांगली मिळते हे माझ्याइतकं आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. पण वाळवण मी वहिनीच्या गच्चीवरच घालणार. हौस म्हणून नाही. त्या गच्चीवर एकदा बसल्याशिवाय माझा उन्हाळा सुरूच होत नाही.

गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला. नाव लिहीत नाही. या लेखातली निम्मी माणसं अजून तिथंच राहतात आणि एकमेकांच्या दारावरून जातात.

उन्हाळ्यात इथं पाणी मागे सरकतं. दर आठवड्याला काठ थोडा लांब जातो. आधी बाभळींचे वाळलेले बुंधे दिसायला लागतात, मग धरणाखाली गेलेल्या जुन्या रस्त्याचा एक तुकडा, मग कुणाच्या तरी विहिरीचं दगडी कडं. चिखल सुकतो आणि त्याच्या पापडासारख्या खपल्या उठतात. वाऱ्याला मासळीचा वास असतो. दूर उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असतात, कुणीतरी फिकट गुलाबी धुणं टाकून विसरून गेल्यासारखे. त्यांना बघायला पुण्याहून गाड्या येतात. माणसं दुर्बिणी लावून तासन्‌तास बसतात. त्यांना कुणी विचारत नाही, काय बघताय म्हणून.

गच्चीवर छत्री उघडून, हातात काठी घेऊन वाळवण राखत बसलेल्या बाईलाही कुणी विचारत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती वहिनीच्या.

सुमन तिचं नाव. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा एसटीत ड्रायव्हर, बारामती आगाराला. आठवड्यातले निम्मे दिवस तो घरी नसतोच. वहिनी मला लग्नापासून ‘वन्सं’ म्हणते, आधी मानानं म्हणायची, आता चिडवायला म्हणते. शिकली सातवीपर्यंत. डोकं असं, की तिनं एकदा पाहिलेलं विसरणं तिला जमत नाही. कुणाच्या शेळीला कितवं वेत, कुणाची सून कधी माहेरी गेली, सगळं तोंडपाठ. मला लिहून ठेवावं लागतं. ती माझ्या याद्यांकडे बघून म्हणायची, “वन्सं, कागद हरवला म्हंजे तुमी काय करता ओ? उपाशी ऱ्हाता?”

तेव्हा, म्हणजे काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, पाण्यात वाळूच्या बोटी यायच्या. इंजिन लावलेल्या मोठ्या बोटी, तळातली वाळू पाइपानं ओढून घेणाऱ्या. परवाना वगैरे काही नाही. शेठ म्हणून गावातलाच एक जण, त्याच्या त्या बोटी. तळाला खड्डे पडले तशी काठाची माती खाली सरकायला लागली. आमची वस्ती काठालगतची. विहाराच्या भिंतीला तडा गेला, त्यात आधी बोट जायचं, मग हात जायला लागला. धुणं धुवायच्या जागेवर पाऊल टाकलं की जमीन आत जायची. अर्ज केले. पथक यायला निघायचं, आणि तालुक्याच्या गावातल्या कुठल्यातरी टपरीवर चहा पीत बसलेला शेठचा माणूस गाडी निघाल्याचा फोन करायचा. पथक पोचेपर्यंत पाणी रिकामं. वरून दुसऱ्या दिवशी अर्जावर सही करणाऱ्यांच्या दारात चार पोरं मोटारसायकली लावून उभी. गावात कुणाच्याही हातातला फोन काढून घ्यायचे, बघायचे, परत द्यायचे. हसत.

पलीकडच्या काठाला तात्या राहतात. मला शाळेत इतिहास शिकवायला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पक्षी बघणाऱ्या पाहुण्यांना होडीतून फिरवायचं काम धरलं. गळ्यात कायम दुर्बीण. घरी आले की ओसरीवर बसून “जयभीम, सुमन, चहा कर,” म्हणायचे आणि चहा होईपर्यंत इतिहास सांगायचे. त्या वर्षी त्यांनी फ्रान्समधल्या बायकांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो देश ताब्यात घेतला होता. तेव्हा तिथल्या साध्या बायका हेरगिरी करायच्या. सायकलच्या टोपलीत भाजीखाली निरोप न्यायच्या, दोरीवरच्या कपड्यांनी खुणा करायच्या. पकडल्या गेलेल्या बाईनं जमेल तितका वेळ गप्प राहायचं, म्हणजे बाकीच्यांना पांगायला सवड मिळते, असा त्यांचा नियम. आणि बाहेर राहिलेल्यांनी तिच्या काळजीनं हातातलं काम सोडायचं नाही, हा दुसरा. अशी एक बाई पकडली गेली, मार खाल्ला, छावणीत गेली आणि जिवंत परत आली.

वहिनी चुलीपाशी ऐकत होती. “तिचा दादला काय म्हणला ओ तात्या, परत आल्यावर?”

“ते पुस्तकात नाही.”

“मग अर्धीच गोष्ट हाय ती,” वहिनी म्हणाली आणि चहा गाळला.

पण चार दिवसांनी तिनं तात्यांना बोलावून घेतलं. तिनं सगळं ठरवलेलं होतं. बोटी यायच्या त्या ओढ्याच्या तोंडाशी, टेकाडाआड. तात्यांच्या काठावरून ती जागा दिसत नाही. आमच्या गच्चीवरून दिसते, आणि आमची गच्ची तात्यांच्या दुर्बिणीतून दिसते. कावळे बुजावेत म्हणून वाळवणावर आपण दोन बांबूंना जुनी साडी बांधतोच. पांढरं धोतर बांधलं तर पाणी रिकामं. लाल साडी बांधली तर बोटी आल्या. फोन नाही, चिठ्ठी नाही. पथकानं गाडीतून यायचंच नाही. तालुक्यातून एकेक जण साध्या कपड्यांत, मासळी घ्यायला आल्यासारखा, तात्यांच्या काठाला मच्छीमारांच्या वस्तीत येऊन थांबेल, आणि लाल दिसलं की पाण्यातून येईल. तात्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “सुमन, तुला भीती नाही वाटत?”

“वाटती की. पर वाळवण तर घालायचंच हाय.”

तात्या एका अधिकारी बाईंशी बोलून आले. त्या तयार झाल्या.

मग सुरू झालं ते वाट बघणं. त्या दिवसांची आठवण मला रंगांत येते. पांढरं, पांढरं, पांढरं. रोज सकाळी मी चीक शिजवायची, वहिनी सोऱ्या दाबायची, प्लास्टिकवर पांढऱ्या कुरडयांच्या ओळी पडायच्या आणि वर पांढरं धोतर फडफडायचं. गरम चिकाची वाटी दूध-साखर घालून आम्ही गच्चीवरच खायचो. गुळगुळीत, जिभेवरून सरकणारा चीक. छत्रीच्या काळ्या कापडातून ऊन गाळून खाली यायचं. हाताला उकड, पायाला चटके, आणि कान सतत टेकाडाकडे. मोटारसायकल वाजली तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो. शेजारच्या गच्चीवर गंगूआत्याची वाळवणं असायची. गंगूआत्या म्हणजे शेठची सख्खी आत्या, वयानं सत्तरीच्या पुढं, दातांशिवाय बोलणारी. दोन गच्च्यांमध्ये गुडघ्याएवढा कठडा. ती तो ओलांडून यायची आणि आमच्या कुरडया तपासायची.

“सुमे, चीक जरा पातळ झालाय गं. कुरडई फुटंल.”

“फुटू द्या. तुमाला दात न्हायत, तुमाला बरीच हाय.”

म्हातारी खदखदून हसायची. तिच्या भाच्याच्या बोटींवर नजर ठेवून आम्ही तिच्याशी चिकाच्या गप्पा मारत होतो.

एके दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. वळवाचं. गार वारा सुटला. अशा दिवशी काही घालायचं नसतं. कुरडईला ऊन नाही मिळालं तर ती आंबते, काळी पडते. पुढच्या घाण्याचा गहू अजून भिजतच होता. मी निवांत होते. आज गच्चीवर चढायचं नाही म्हणून भांडी घासायला बसले.

आणि टेकाडामागून इंजिनाचा आवाज आला.

वहिनी गच्चीवर गेली आणि लगेच खाली आली. “आल्यात. तिन्ही आल्यात. आभाळ बघून आल्या, आज कोण बघनार न्हाय म्हणून.”

“वहिनी, आज वाळवण नाही आपलं.”

“पथक कालपास्नं बसलंय तिकडं. उद्या उठून जाईल. मग पुन्ना कोण येतंय?”

तिनं ट्रंकेतून लाल साडी काढली. मी बांबू धरले, तिनं गाठी मारल्या. वाऱ्यानं साडी फुगली, एवढी लाल की मला तिच्याकडे बघवेना. मग वहिनी मागे सरून उभी राहिली. नुसती साडी, खाली मोकळी गच्ची. “हे येड्यावानी दिसतंय,” ती म्हणाली, खाली गेली आणि गेल्या आठवड्यातल्या वाळलेल्या कुरडयांचा डबा घेऊन आली. प्लास्टिक अंथरलं. त्यावर कुरडया मांडल्या. छत्री उघडली. काठी घेतली. बसली.

लांबून बघणाऱ्या कुठल्याही पुरुषाला ते रोजचंच दिसलं असतं.

गंगूआत्या कपडे उचलायला तिच्या गच्चीवर आली. आमच्याकडे बघून थांबली. कठडा ओलांडून आली, वाकली, एक कुरडई उचलली. ओली कुरडई प्लास्टिकला चिकटते, सोडवावी लागते. ही अलगद हातात आली. म्हातारीनं ती बोटांत दाबली. कट्‌कन मोडली.

“सुमे, ह्या वाळल्याल्या हायत की गं.”

“व्हय आत्या. डब्यात दमट झाल्या हुत्या. ऊन दावायला काढल्या.”

“कुठलं ऊन?”

गंगूआत्यानं आभाळाकडे पाहिलं. मग लाल साडीकडे. मग हळूच मान वळवून टेकाडामागच्या पाण्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून हसू उतरताना मी पाहिलं. मोडलेली कुरडई तिनं परत प्लास्टिकवर ठेवली, कपडे न उचलताच खाली गेली.

“वहिनी,” मी म्हटलं, “काढूया साडी.”

“बसा.”

थोड्या वेळानं दोघं वर आले. ओळखीचीच पोरं, एक तर माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला. नजर वर न करता म्हणाला, “काकू, जरा खाली चला. शेठ बोलावत्यात.” दुसऱ्यानं दोघींचे फोन मागितले. वहिनीनं दिला, मीही दिला. वहिनीनं हात पदराला पुसले. चपला घातल्या. जिन्याच्या तोंडाशी वळली आणि मला म्हणाली, “वन्सं, वाळवण उचलू नका. पाऊस आला तरी ऱ्हाऊ द्या.”

पोरांना वाटलं असेल, काय बाई आहे, अशा वेळी हिला कुरडयांचं पडलंय.

मला नेमकं कळलं. मी साडी उतरवली तर तात्या पथकाला थांबवतील. पथक परत जाईल. बोटी सुखरूप राहतील, आणि वहिनीची ‘डब्यात दमट झाल्या’ ही गोष्ट खरी ठरेल. चार शिव्या देऊन सोडतील तिला. साडी राहू दिली तर पथक येईल, आणि मग तिची गोष्ट या जगात कुणालाही पटणार नाही. ती त्यांच्या हातात असताना पटणार नाही. एवढं सगळं तिला त्या जिन्यापर्यंतच्या चार पावलांत कळलं होतं आणि तिनं ठरवलंही होतं.

मी बसले. एक पोरगा जिन्याखाली थांबला होता. संकटात माझं डोकं नेहमी सामान मोजायला लागतं, तेव्हाही लागलं. हातात काय आहे? काठी. छत्री. तांब्याभर पाणी. फोन नाही. दादा सोलापूरच्या गाडीवर. ओरडले तर कोण येईल? वस्तीतली दारं आतून लागलेली, खिडक्यांना डोळे. आणखी काय आहे? एक लाल साडी, जिची गाठ सोडायला क्षणही लागणार नाही. माझे हात मांडीखाली दाबून मी बसून राहिले. अजूनही कधी रुग्णालयात रात्रपाळीच्या फोनवर कुणाच्या तरी नातेवाइकाचा ‘आम्ही काय करू?’ असा आवाज ऐकला की मला मांडीखाली दाबलेले हात आठवतात. काहीच न करणं किती अंगमेहनतीचं काम असतं, हे त्या सकाळी कळलं.

काठावर पत्र्याची शेड होती. वहिनीला तिच्यात नेलं. दार लागलं. इंजिनं चालू होती, त्यामुळे काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नव्हतं हे जास्त वाईट होतं. माझ्या कानांनी स्वतःच आवाज बनवले.

गंगूआत्या परत आली. कठड्यावर बसली, माझ्याकडे पाठ करून.

“कुणाला दावताय गं हे लाल?” तिनं विचारलं.

मी छत्री खांद्यावर सरळ केली.

“मी निस्तं म्हणले त्याला, सुमी आभाळात कुरडया घालून बसलीया. म्हणलं, इचार तिला. इचारून सोडतो म्हणलाय.”

“सोडतील?”

“भाचा हाय माझा,” ती म्हणाली. तिचा आवाज मात्र तिच्या शब्दांबरोबर येत नव्हता.

वळवाचे चार थेंब पडले. कुरडयांवर ओले ठिपके उमटले. मी उठले नाही. म्हातारीनं ते बघितलं. पाऊस पडताना वाळवणाला हात न लावणारी बाई तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असेल. तिला जे काय समजायचं राहिलं होतं ते त्या चार थेंबांत समजलं. ती साडी ओढून काढू शकत होती. खाली जाऊन भाच्याला सांगू शकत होती. ती बसून राहिली. आम्ही दोघी शेडच्या दाराकडे बघत होतो.

दार उघडलं. वहिनीला दोघांनी धरून बाहेर आणलं. ती चालत होती, पण एका बाजूला कलून. तोंडावर तिचाच पदर गुंडाळलेला. त्यांनी तिला कडेच्या बोटीत चढवलं, इंजिनाशेजारी खाली बसवून बांधलं आणि वरून ताडपत्री ओढली.

“अगं बाई,” गंगूआत्या उठून उभी राहिली. “होडीत कशाला घातली तिला? ए... होडीत कशाला?”

मला उत्तर ठाऊक होतं. बोट मधल्या खोल पाण्यात न्यायची आणि रिकामी परत आणायची.

तेवढ्यात टेकाडाच्या पलीकडून मच्छीमारांच्या होड्या आल्या. चार-पाच. साध्या कपड्यातली माणसं उभी, मागे वर्दीतले. पहिल्या होडीत तात्या, हात लांब करून दाखवत. काठावर आरडाओरडा झाला. बोटींवरच्या माणसांनी पाण्यात उड्या टाकल्या, काही चिखलातून बाभळीत पळाले. शेड, काठ, बोटी, सगळं बघता बघता ओसाड. ताडपत्री मात्र तशीच होती. तिच्याखाली काहीच हलत नव्हतं.

या बोटी ओढून नेता येत नाहीत. पथक त्या जागेवरच सुरुंग लावून बुडवतं, आणि गर्दी जमून दगडफेक व्हायच्या आत उरकतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माणसं पळताना त्यांनी स्वतः पाहिली होती. मागे बांधलेली बाई असेल असं त्यांच्या मनात यायला काही कारणच नव्हतं. एक जण कांड्या घेऊन पहिल्या बोटीवर चढला. दुसरा कडेच्या बोटीकडे निघाला.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. वारा उलटा होता, माझा आवाज कठड्यापाशीच पडला. पुन्हा ओरडले. घसा फाटला. कुणी वर बघितलं नाही.

मग माझ्या शेजारून एक आवाज निघाला. गंगूआत्यानं दोन्ही तळवे तोंडाशी धरले होते. लहानपणापासून शेतातल्या माळ्यावर उभी राहून ज्वारीची पाखरं उठवलेली बाई ती. या शिवारातून त्या शिवारात पोचणारी हाक पुन्हा तिच्या छातीत आली.

“बाई हाय रंऽऽ! होडीत बाई हायऽऽ! कडंच्या होडीत बाई हायऽऽ!”

पाण्यावरून ती हाक गेली. रोहित पक्ष्यांचा थवाच्या थवा उठला. कडेच्या बोटीकडे निघालेला माणूस थांबला. तात्यांनी गच्चीकडे दुर्बीण लावली. बाभळीत लपलेल्यांपैकीही कुणीतरी मान वर करून पाहिलं, हाक कुणी मारली ते. गंगूआत्यानं हात खाली घेतले नाहीत, ओरडतच राहिली, त्यांनी ताडपत्री उचलेपर्यंत.

वहिनीला उचलून होडीत घेतलं तेव्हा मी खाली पोचले होते. जिन्याखालचा पोरगा केव्हाच पळालेला. गुडघाभर चिखलातून मी होडीपर्यंत गेले. तिचा एक डोळा मिटलेला, ओठ फुटलेला. तिनं माझा हात धरला. मागे बोटी बुडवल्याचे आवाज झाले, एकामागून एक. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

पुढचं सगळं बारामतीला, पांढऱ्या चादरींवर. बरगड्या जुळल्या. डाव्या कानानं तिला तेव्हापासून ऐकू येत नाही. पळालेल्यांतले काही नंतर धरले, खटला अजून चालू आहे. आमच्या ओढ्याच्या तोंडाशी बोटी पुन्हा आल्या नाहीत. आणखी वरच्या अंगाला कुठंतरी येतात असं ऐकते. पेपरात बातमी आली, एका निवृत्त शिक्षकाच्या चातुर्याने वाळूचोर जेरबंद. वहिनीचा उल्लेख शेवटच्या ओळीत, ‘एक महिला किरकोळ जखमी’. शाळेत तात्यांचा सत्कार झाला. तात्या माईकवर म्हणाले, “ही कल्पना माझी नव्हती.” लोकांना तो नम्रपणा वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सत्काराच्या आधीच तात्यांची मोटारसायकल कुणीतरी जाळली होती. दुर्बीण फोडली. मग गावात कुजबुज सुरू झाली, तात्यांचं नाव त्यांना कळलं कसं? पहिल्या होडीत तात्या उभे होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरीही लोक म्हणायचे, शेडमध्ये सुमननं सांगितलं असणार. मार खाल्ल्यावर कोण गप्प बसतं. दादानंही विचारलं नाही, मीही नाही. पोलिसांना तिनं ‘आठवत न्हाय’ एवढंच सांगितलं. दर उन्हाळ्यात आम्ही शेजारी शेजारी बसून कुरडया घालत राहिलो आणि तो प्रश्न आमच्या मधोमध बसून राहिला. गंगूआत्याच्या दारात भाच्याकडचं कुणी येत नाही. वहिनी दरवर्षी पहिल्या चिकाची वाटी तिला पाठवते. म्हातारी खाते, वाटी धुऊन परत पाठवते. दोघी त्यावर बोलत नाहीत.

आज सकाळी चीक शिजत होता. वहिनी पळी फिरवत होती, मी तिच्या उजव्या हाताला बसून सोऱ्याला तेल लावत होते. बाहेर लख्ख ऊन. ती पळी न थांबवता म्हणाली, “वन्सं, तुमी मला कदी इचारलं न्हाय.”

“काय?”

“मी त्यास्नी काय सांगितलं ते.”

मी सोऱ्या खाली ठेवला.

“समदं सांगितलं,” वहिनी म्हणाली. “पयल्याच थपडंला. म्हणलं, साडी मी बांधली. बोटी कवा येत्यात, कवा जात्यात, मी ध्यानात ठिवलं. ही आयडिया माझी हाय.”

“आणि तात्या?”

“तात्यांचं त्यांनी इचारलंच न्हाय. त्यास्नी फकस्त नाव पायजे हुतं. हसायला लागले. टपरीवरनं गाडी निघाल्याचा फोन न्हाय, म्हणून साडी काढली न्हाय का बोटी हालवल्या न्हाईत. म्हणाले, हे बाईच्या डोक्यातलं न्हाय, मागं कोण बाप्या हाय ते बोल. मी म्हणलं, कोण न्हाय, मीच. पुन्ना मारलं. पुन्ना मीच म्हणलं.” चीक पारदर्शक व्हायला लागला होता. तिनं आच कमी केली. “खरं बोलले म्हणून एवढा मार खाल्ला बगा. कुणाचंबी नाव घेतलं असतं तर तितंच थांबले असते.”

“मग का नाही घेतलंस, वहिनी? खोटं एखादं. गावाबाहेरच्या कुणाचं.”

“त्याला धरून आणला असता की त्यांनी.” तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटून झाडली. मग माझ्याकडे नीट वळून बघितलं. “आन मी का म्हणून घिऊ? आयडिया माझी. ती दुसऱ्याच्या नावावर कशाला करू?”